गौरीचा उजवा डोळा

मुलांनो,

गेल्या गणपतीत तुमच्या काकाने पनवेलच्या गौरीचा फोटो तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनी फोनवर एकच प्रश्न विचारलात. सगळ्यांच्या गौरी पितळेच्या नाहीतर मातीच्या असतात, मग आपलीच कागदावर का? मी "आपल्या घरची रीत आहे" एवढं सांगून तुमच्या कामाची चौकशी केली. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. मग परवा धाकटी म्हणाली, की कॉलेज सुटल्यापासून तिने रंगांना हात लावलेला नाही, आणि आता लावायची लाज वाटते. चित्र येत नाही असं ती म्हणाली नाही, लाज वाटते म्हणाली. तुम्ही तिकडे इतक्या लांब, आणि फोनवर मला नीट बोलता येत नाही. म्हणून क्रमाने लिहून काढते.

माझं लग्न स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी झालं. मी गिरगावात वाढलेली, मुलींच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली, आणि सरकारी ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा पास. पनवेलला तेव्हा अशी सून म्हणजे थोडा नवलाचाच प्रकार होता. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती दोन्ही सर्टिफिकिटं सुताराकडून चौकटी करून ओटीवर लावली, अगदी समोर, आल्यागेल्याची पहिली नजर जाईल अशी. कोणी आलं की ते म्हणत, "ह्या आमच्या सूनबाईंच्या. मुंबईच्या परीक्षा." मग पाहुणे चौकटीकडे बघत आणि नंतर माझ्याकडे. पनवेलच्या बाजारात बैलगाडीचं चाक घेणारा माणूस ते आधी ठोकून बघायचा, तसं.

पहिल्या वर्षी मी शेजारणींना पोलक्याच्या कशिद्यासाठी वेलबुट्टी काढून दिली. मग तुमची आत्या झाली, मग तुमचे बाबा, मग काका. माहेरून आणलेल्या रंगांच्या वड्या पेटीत तडकून गेल्या. कोणी काही काढून मागितलं की मी म्हणायची, "चांगला कागद नाही हो घरात," नाहीतर "माझा ब्रश मुंबईलाच राहिला." असं दहा-बारा वर्षं चाललं. न काढण्याचं कारण आधी खरोखरच वेळ नसणं हे होतं. नंतर नंतर वेळ मिळू लागला तरी मी पेन्सिल धरीना, कारण ओटीवरचे ते दोन कागद तसेच होते आणि माझा हात तसा राहिला नव्हता, हे मला आतून कळत होतं. मी काहीच काढलं नाही, तर निदान ते कोणाला कळणार नव्हतं.

आता गौरीचं सांगते. आपल्याकडे तेरड्याची गौर येते. मुळांसकट उपटलेल्या तेरड्याची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची आणि वर कागदावर काढलेला चेहरा बांधायचा. कागदाला हळदीच्या पाण्याचा हात द्यायचा, रेषा काजळाने, ओठ आणि कपाळ कुंकवाने. हा चेहरा घरातल्या सुनेनेच काढायचा, आणि दर वर्षी नवा, कारण तिसऱ्या दिवशी तो गौरीबरोबर तळ्यात जातो. यात एक गोष्ट आपल्या घरची खास. डोळे आधी काढायचे नाहीत. गौर उंबऱ्याबाहेर पाटावर उभी करायची, बायका जमवायच्या, आणि सगळ्यांदेखत एकेका रेषेत तिचे डोळे उघडायचे. डोळे उघडले की मगच तिने घरात यायचं.

हे काम मोठ्या काकू करत. त्या माझ्या चुलत सासूबाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात वडीलधारं बाईमाणूस म्हणजे त्याच. त्यांची गौर दर वर्षी थोडी तिरळी व्हायची. मी मनात म्हणायची, हा डोळा जरा खाली घेतला तर किती बरी दिसेल. तोंडाने अर्थात कधी म्हटलं नाही.

मग मोठ्या काकूंना मोतीबिंदू झाला. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. श्रावण संपत आला तेव्हा त्या जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंदा चेहरा सूनबाई काढेल. तिच्याकडे तर सरकारचा कागद आहे."

माझे धाकटे दीर फोर्टात नोकरीला होते आणि गणपतीला चार दिवस यायचे. त्या दिवशीही आले होते. ते म्हणाले, "मग काय, यंदा गौर फर्स्ट क्लास येणार. बारीक मिशा काढू नका म्हणजे झालं, वहिनी."

सगळे हसले, मीही हसले. नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं.

मुंबईला शिकले होते तसं मी सगळं शिस्तीत केलं. ड्रॉइंगचा जाड कागद मागवला. दुपारी मुलं शाळेत असताना माडीवर दार लावून बसले. पेन्सिलीने मधली रेघ आखली, नाक, ओठ, हनुवटी मापून घेतली, चुकलं ते रबराने खोडलं, पुन्हा काढलं. चेहरा वाईट नव्हता. नुसताच निर्जीव होता, शिंप्याच्या दुकानातल्या बाहुलीसारखा. रीत म्हणून डोळ्यांची जागा मोकळी ठेवली. म्हणजे वरून बघणाऱ्याला मोकळी. खरं तर मी तिथे पेन्सिलीच्या अगदी फिक्या रेघांनी डोळेही आखून ठेवले होते, उंबऱ्यावर नुसतं काजळ फिरवायचं म्हणून. आणि ते रबर, का कोण जाणे, कनवटीला खोचून ठेवलं.

आवाहनाच्या दिवशी दुपारी गौर दाराशी उभी राहिली. आळीतल्या बायका होत्या, करंजाडे गावाहून तेरडा घेऊन आलेली बाई होती, मोठ्या काकू उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या. कागदाला आधार म्हणून मागे तुमच्या आत्याची पाटी सरकवली. मी काजळात ब्रश बुडवला आणि डावा डोळा ओढला. कसाबसा निघाला. मग उजवा. रेघ अर्ध्यावर आली आणि माझा हात असा काही कापला, की ती आखलेली वाट सोडून सरळ भुवईला जाऊन चिकटली.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मोठ्या काकूंची गौर तर दर वर्षी तिरळीच येत होती. पण माझ्या हाताला शाळेतली सवय. तो आपसूक कनवटीला गेला, आणि सगळ्या बायकांसमोर मी देवीचा डोळा रबराने खोडायला लागले. काजळ तुपातलं, ते पसरलं. मी जास्त जोराने घासलं. कागद हळदीच्या पाण्याने आणि भाद्रपदातल्या हवेने दमटलेलाच होता. त्याची आधी लव निघाली, मग सुरळ्या, आणि मग तो फाटला. कोणीतरी पाटी काढून घेतली, आणि त्या भोकातून मागचं तेरड्याचं गुलाबी फूल बाहेर आलं.

"झाले का डोळे?" आतून मोठ्या काकूंनी विचारलं.

शेवटी करंजाड्याची बाई म्हणाली, "एक हाय. एक फुटला गो बाय."

मागे कोणीतरी पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईने तिला चापटी मारली. मोठ्या काकू म्हणाल्या, "आत घ्या. कधीची उभी आहे ती दारात."

गौर तीन दिवस तशीच मखरात उभी होती. दुसरा चेहरा काढायचा नाही, एकदा आत आली की आली. पूजनाच्या दिवशी हळदीकुंकवाला सगळी आळी आली. बायका आधी गौरीकडे बघत आणि मग एकमेकींकडे. "कोणी काढली?" असं एकीने विचारलं, तेव्हा दुसरीने नुसती ओटीवरच्या चौकटींकडे मान वळवली. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. वाटून झालं होतं तरी वाटत होते. माझे कान इतके तापले होते, की वाटायचं, बाहेरून ते लाल दिसत असतील.

विसर्जनाहून परत आल्यावर दीर म्हणाले, "पुढच्या वर्षी मी भुलेश्वरहून पितळेचा मुखवटा घेऊन येतो. झंझटच नको." त्यांनी ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. माझी सुटका व्हावी म्हणूनच म्हटलं असावं. तुमचे आजोबा म्हणाले, "बघू." मोठ्या काकू म्हणाल्या, "आणा. माझी ना नाही. फक्त त्याचे डोळे उघडेच असतात, तेव्हा दारात कोणी जमायला नको." आणि त्या उठून आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना मी स्टुलावर चढून ओटीवरची दोन्ही सर्टिफिकिटं उतरवली. संध्याकाळी तुमच्या आजोबांनी भिंतीवरचे दोन पांढरे चौकोन बघितले. "चौकटी कुठे गेल्या?" "पुसायला काढल्यात." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सासरे तेव्हा हयात नव्हते, ते एक बरं झालं असं मला वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

पुढचे कित्येक महिने मी काही केलं नाही. मुखवटा येणार, आपली सुटका होणार, असं स्वतःला सांगत राहिले. पण मोठ्या काकूंचं ते बोलणं पोळीवर तेल लावताना, तुमच्या आत्याच्या वेण्या घालताना मध्येच आठवायचं. त्यांच्या सासूने, त्या सासूच्या सासूने ज्या दारात गौरीचे डोळे उघडले, ते माझ्यापाशी येऊन बंद होणार होतं, आणि तेही मला एक रेघ ओढता आली नाही म्हणून.

माघ महिन्यात एक दिवस मी बाजारात रंगाच्या दुकानात गेले. ते दुकान एका कोकणी मुसलमान गृहस्थांचं होतं. होड्यांचे रंग, दारांचे रंग, आणि एका कोपऱ्यात चित्राचे ब्रश. मी बारीक ब्रश मागितला आणि त्यांनी काही विचारायच्या आतच म्हटलं, "मुलासाठी हवाय."

"कितवीत हाय पोरगा?"

"तिसरीत."

त्यांनी ब्रश दिला. महिन्याभराने मी जरा बरा ब्रश मागितला. तेव्हा ते म्हणाले, "पोराचा हात बसला काय?" मी म्हटलं, "अजून नाही."

हात खरंच बसत नव्हता. मुलं शाळेत गेली की मी मागच्या पडवीत जुन्या कॅलेंडरचे कागद उलटे करून नुसते डोळे काढायची. रबर घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. पहिले डोळे बोंबलांसारखे झाले. मग काही कवड्यांसारखे. काढून झाले की चुलीत टाकायची. पुढे पुढे राख फार व्हायला लागली तेव्हा गादीखाली ठेवायला लागले.

एक दिवस मोठ्या काकू भिंतीला धरत धरत पडवीत आल्या. मी कागद पदराखाली घेतला. त्यांना दिसत नव्हतं, तरी घेतला.

"काय चाललंय गं? काजळाचा वास येतोय."

"डोळे काढून बघतेय." मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "येतात का?"

"नाही. उंबऱ्यावर सगळ्या बघायला लागल्या की माझा हात कापतो, मोठ्या काकू. तुमचा कसा नाही कापायचा?"

"कापायचा की. पहिल्या वर्षी तर सासूबाई मागे उभ्या. मी आपले डोळे घट्ट मिटले आणि ओढली रेघ."

"मिटले? म्हणजे कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत काय, गेल्याच्या गेल्या वर्षापर्यंत. एकदा सवय लागली ती लागली. म्हणून तर तिरळी व्हायची. तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?"

आणि त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. ज्या गौरीला मी मनातल्या मनात सुधारत होते, ती इतकी वर्षं भीतीने डोळे मिटलेल्या बाईने काढलेली होती. मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"मग मीही मिटू का?" मी विचारलं.

"मिट. पण तू शिकलेली, तुला जमायचं नाही. तू आपली बघतच काढ."

खरंच जमलं नाही. मिटून बघितलं, तर रेघ कागदाबाहेर पाटावर गेली. पण त्या दिवसानंतर कागद पदराखाली घ्यायचं मी सोडलं, आणि हात थोडा सैल झाला. मग चैत्रात कधीतरी दुसरी एक गोष्ट लक्षात आली. परीक्षेत आम्हाला माणसाचा चेहरा कधीच नव्हता. आम्हाला असायची बादली, तांब्या, घागर, शेजारी एखादं पुस्तक ठेवलेलं. बादली मला उत्तम यायची. तिचं तोंड वरून बघताना लांबट गोल दिसतं, आणि तो गोल एका झटक्यात, कोपरापासून हात फिरवून काढायचा, हे मास्तरांनी आम्हाला शेकडो वेळा करायला लावलं होतं. मी डोळा बोटांनी काढत होते, सुईने टाका घालावा तसा. म्हटलं, डोळा काढूच नये, बादली काढावी. पलीकडचा काठ ती वरची पापणी, अलीकडचा काठ ती खालची. कोपरापासून हात फिरवला, आणि कागदावरून कोणीतरी माझ्याकडे बघितलं.

त्या दुपारी भात लागला. मी सगळं कॅलेंडर भरून टाकलं होतं. नुसते डोळे नाही, पडवीतलं उखळ काढलं, दोरीवरचं लुगडं काढलं, शेजारच्या कौलांवर बसलेला कावळा काढला. कावळा वाईट आला, तरी मी तो खोडला नाही. हात शाळेतल्यासारखा सफाईदार राहिला नव्हता आणि पुढेही झाला नाही. पण तो माझा हात होता, आणि कागदावर ठेवला की आता माझं ऐकत होता.

आषाढात दिरांचं येणं झालं. ते म्हणाले, "वहिनी, मुखवटा बघून ठेवलाय. पुढच्या वेळी येताना आणू ना?"

मी दाराआड उभी होते. तुमचे आजोबा माझ्याकडे बघायला लागले. वाटलं, हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. घशाशी आलेलंही होतं. मी म्हटलं, "नको. मी काढीन."

दीर म्हणाले, "नक्की? गेल्या वर्षी तुमचंच तोंड बघवत नव्हतं."

"नक्की नाही," मी म्हटलं. "पण काढीन."

श्रावणात मी पुन्हा रंगाच्या दुकानात गेले आणि सगळ्यांत चांगला ब्रश मागितला. दुकानदारांनी विचारलं, "पोरासाठीच ना?" मी म्हटलं, "नाही. मला."

ते ब्रश कागदात गुंडाळत म्हणाले, "ते तर पयल्याच दिशी समजला होता, भाभी. तिसरीतल्या पोरासाठी कोन ब्रशचे केस मोजून घेतो?" शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मी घरापर्यंत मान वर केली नाही.

आणि मग तो दिवस. गौर दारात उभी. गेल्या वर्षीपेक्षा बायका जास्त. का ते सांगायला नको. चेहरा मी पेन्सिलीशिवाय काढला होता, आणि डोळ्यांच्या जागी खरोखरच काही नव्हतं. धाडस आलं होतं असं मुळीच समजू नका. कान तसेच तापले होते, आणि हात गेल्या वर्षीसारखाच कापत होता. फक्त आता तो कापत असताना कसा फिरवायचा ते मला माहीत होतं. मी श्वास सोडला आणि कोपरापासून हात फिरवला, एकदा वरून, एकदा खालून. मग दुसरा डोळा. तो पहिल्यापेक्षा चांगला निघाला, आणि अंमळ मोठाही.

करंजाड्याची बाई पुढे वाकली. "औंदा बगते हाय," ती म्हणाली. "पन जरा रागान बगते."

"बघू दे," मोठ्या काकू आतून म्हणाल्या. "झाले का दोन्ही?"

"झाले."

"सारखे?"

"नाही. उजवा मोठा झालाय."

"मग आता आण तिला आत."

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मी गौर काढली. दर वर्षी उंबऱ्यावर बसताना माझे कान तापायचे, अगदी शेवटच्या वर्षीसुद्धा. ते जाईल म्हणून मी पुष्कळ वाट बघितली, पण ते गेलं नाही. मधल्या काळात मी बाकीही खूप काढलं. आळीतल्या मुलींच्या शाळेचे तक्ते, लग्नघराच्या भिंतींवर मोर आणि कलश, मोठ्या काकूंचा झोपलेला चेहरा. ती सर्टिफिकिटं मी परत लावली नाहीत. भिंतीला पुढे रंग दिला.

धाकटीला सांगायला माझ्याकडे युक्ती नाही. लाज जाण्याची वाट बघू नकोस, ती असतानाच काढ, एवढंच मला येतं.

त्या गौरींपैकी एकही आता नाही. सगळ्या तळ्यात गेल्या. भिंतींवरचे मोर चुन्याखाली गेले. मोठ्या काकूंचं चित्र वाळवीने खाल्लं. पनवेलला तुमची काकू आता चेहरा काढते आणि दारात डोळे उघडते. आणि माझ्याकडे कपाटातल्या खालच्या खणात कॅलेंडरचे सतरा-अठरा कागद आहेत, मागच्या बाजूला नुसते डोळे काढलेले.